दहा बटणांची कथा

बेरजेच्या यंत्रावर ७, ८, ९ हे आंकडे वरच्या ओळींत, तर टेलिफोनवर १, २, ३ वर. हा भेद कां, असा प्रश्न आमच्या मनांत अनेकदां आला. त्याचें उत्तर अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेच्या इतिहासांत सांपडतें. सन १९४५ मध्यें जॉन कार्लिन हे मानसशास्त्रज्ञ तेथें दाखल झाले. यंत्र घडविण्यापूर्वीं तें वापरणारा माणूस जाणावा, हा विचार त्यांनीं तेथें रुजविला. फिरत्या तबकडीच्या जागीं बटणें आणावयाचीं, तेव्हां निरनिराळ्या मांडण्या करून त्या माणसांच्या हातीं दिल्या गेल्या. वेग मोजला, चुका मोजल्या, आवडनिवडही विचारली. हा वृत्तांत डीनिंगर यांनीं १९६० सालीं प्रसिद्ध केला. तीन ओळींचा चौकोन व खालीं शून्य, ही मांडणी ठरली. आणि १९६३ च्या नोव्हेंबरांत पेनसिल्व्हेनियांतील दोन गांवीं तो टेलिफोन ग्राहकांस मिळूं लागला.

येथें नुसतें विचारून भागलें नाहीं. हात काय करतो, तेंही पाहावें लागलें. सामान्यांचें हित आपणांसच अधिक कळतें, असा विद्वानांचा समज असतो. ज्याच्यासाठीं वस्तु घडवावयाची त्याला आधीं ओळखणें, हें कारागिराइतकेंच आम्हां अध्यापकांचेंही कर्तव्य आहे. वर्गांत शिरतांना मात्र आम्हांस त्याचा विसर पडतो.