सोलापूरचा माळ आणि त्याला छेदणारे रस्ते

सोलापूर जिल्ह्यातले वन्यप्राणी कधीच एका जंगलात राहत नव्हते. दख्खनच्या या अवर्षणप्रवण पट्ट्यात दाट अरण्य नाहीच. सीना आणि भीमेच्या खोऱ्यांत काळी जमीन, त्यांच्या मधल्या उंचवट्यांवर मुरमाड, बरड माळ. माळावर कुसळी, पवन्या, मारवेल ही गवते आणि तुरळक बोरी-बाभळी. काळवीट, लांडगा, खोकड, माळढोक यांचा संसार या विखुरलेल्या तुकड्यांवर चाले. एका माळावरून दुसऱ्यावर जाण्याची सोय गायराने, ओढे, पाणंदी आणि मोकळी शेते यांतून आपोआप होत होती.

शेतांचा वाटा त्यात मोठा होता. सोलापूर हा रब्बी ज्वारीचा मुलूख. पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरात, काढणी फेब्रुवारी-मार्चमध्ये. त्यामुळे पावसाळाभर आणि पुन्हा उन्हाळ्यात काळी राने उघडी पडलेली असत. लांबवर नजर पोचल्याशिवाय काळवीट पुढे सरकत नाही, आणि अशा रानात त्याला ती मोकळीक मिळे. लांडगा धनगरांच्या मेंढ्यांच्या मागे एका शिवारातून दुसऱ्या शिवारात जाई.

एकोणिसाव्या शतकात शहर वाढले. 1860 मध्ये रेल्वे आली, 1871 मध्ये आदिला नदीवर हिप्परग्याचा म्हणजे एकरुख तलाव पूर्ण झाला आणि 1877 मध्ये जुनी गिरणी उभी राहिली. गिरणगाव फुगत गेले, तरी माळ तुटला नाही. गाड्या थोड्या होत्या, आणि रुळांच्या दोन्ही बाजूंचे रान सारखेच होते. तलावाने तर पाणपक्ष्यांना नवे घरच दिले.

खरा बदल घडवला पाण्याने. भीमेवरचे उजनी धरण 1980 मध्ये पूर्ण झाले, कालवे आले आणि ज्वारीच्या जागी ऊस उभा राहिला. ऊस वर्ष-दीड वर्ष शेतात राहतो आणि माणसाच्या डोक्यावर जातो. बिबट्याला तो लपायला बरा, पण काळविटाला मात्र भिंतच. शेतकऱ्याला पाणी हवेच होते, त्याबद्दल तक्रार असण्याचे कारण नाही. पण माळांमधले मोकळे रान त्यामुळे मिटले, आणि त्याची नोंद त्या वेळी कोणी घेतली नाही.

त्याच सुमारास, 1979 मध्ये, माळढोक अभयारण्य घोषित झाले. सोलापूर व अहमदनगर जिल्ह्यांतला सुमारे 8,496 चौरस किलोमीटरचा प्रदेश त्यात घातला गेला. गावे, शेते, बाजारपेठा सगळे त्यात आले. त्यात खऱ्या अर्थाने राखलेले गवताळ तुकडे थोडेच होते. त्यांतले नान्नज आणि मार्डीकडचे सर्वांत प्रसिद्ध. जमीनव्यवहारांवरच्या निर्बंधांमुळे लोकांचा रोष वाढला आणि पुढे सीमांची फेररचना होऊन क्षेत्र सुमारे 1,222 चौरस किलोमीटरवर आले. मूळ नकाशा प्रशासनाला पेलण्यासारखा नव्हता हे खरे. तरीही त्यामागची एक जाण बरोबर होती: तुकडा वाचवायचा तर तुकड्यांच्या मधली जमीनही विचारात घ्यावी लागते. फेररचनेत हीच जाण मागे पडली. माळढोक आता जवळजवळ संपला आहे. काळवीट आणि लांडगा टिकून आहेत.

2010 नंतरच्या दशकात पुणे-सोलापूर आणि सोलापूर-धुळे हे महामार्ग चौपदरी झाले. शहराची कोंडी फोडण्यासाठी केगावकडून विजापूर रस्त्याकडे बाह्यवळण काढले गेले. बाह्यवळण नेहमी शहराच्या कडेच्या स्वस्त, पडीक जमिनीतून जाते, आणि सोलापुरात अशी जमीन म्हणजे माळ. जानेवारी 2023 मध्ये केगावजवळ काळविटांचा एक कळप या रस्त्यावरच्या पुलावरून खाली कोसळला आणि दहाहून अधिक जनावरे मेली. काळवीट बिचकला की उड्या घेत सुसाट निघतो, आणि पुढचा गेला की मागचे त्याच रेषेत जातात. सपाट माळावर या सवयीने जीव वाचतो. कठड्यापलीकडे जमीनच नसेल तर तीच सवय अख्खा कळप संपवते.

वन्यप्राण्यांसाठी पूल किंवा भुयारी मार्ग आखताना म्हणूनच आधी प्राणी पाहावा लागतो. मार्गाची रुंदी आणि उंची यांच्या गुणाकाराला लांबीने भागले की त्याचा मोकळेपणा कळतो. लांब, अरुंद मोरीतून मुंगूस, घोरपड, खोकड जातील. काळवीट जाणार नाही, कारण त्याला पलीकडचा उजेड आणि माळ दिसला पाहिजे. पेंचजवळ राष्ट्रीय महामार्ग 44 वर महाराष्ट्राच्या हद्दीत प्राण्यांसाठी नऊ मार्ग बांधले गेले. त्यांतले सर्वांत मोठे 750 मीटर लांबीचे, म्हणजे रस्ताच खांबांवर उचललेला. भारतीय वन्यजीव संस्थेने 2019 मध्ये कॅमेरे लावून पाहिले, तेव्हा वाघासह अठरा जातींचे वन्यप्राणी खालून ये-जा करताना दिसले. या कामातले एक प्रमुख संशोधक बिलाल हबीब यांनी पीएचडीसाठी नान्नज परिसरातल्याच लांडग्यांचा अभ्यास केला होता. पुढे समृद्धी महामार्गावर प्राण्यांना रस्त्यावरून नेणारे पूलही बांधले गेले.

पेंचचा आराखडा सोलापुरात जसाच्या तसा चालणार नाही. तिथे दोन्ही बाजूंना राखीव जंगल आहे, इथे गायरान आणि खासगी जमीन. इथे जिथे रस्ता टेकाड कापून जातो, तिथे त्यावर माती-गवताचा रुंद, सपाट पूल टाकणे हे काळविटाच्या स्वभावाला धरून आहे. जिथे रस्ता भरावावर आहे, तिथे ओढ्यावरचे पूल लांबवावे लागतील. कळपाला त्या जागेकडे वळवणारे कुंपण दोन्हीकडे लागतेच. माळढोकाला यातले काहीच उपयोगी नाही. जड अंगाचा, कमी उंचीवरून उडणारा हा पक्षी वीजतारांना धडकतो आणि त्याच्यासाठी तारा जमिनीखालून न्याव्या लागतात.

शहरालगत बरेच काम नव्या बांधकामाविनाही होण्यासारखे आहे. हिप्परगा तलाव आणि आदिलेचे पात्र, विजापूर रस्त्यावरचा संभाजी तलाव आणि सिद्धेश्वर वनविहार ही हिरवी ठाणी आहेत. ओढ्यांवरचे पूल वर्षातले बरेच महिने कोरडे असतात. राडारोडा, मुरूम आणि काटेरी कुंपण काढले तर लहान प्राण्यांना ते तसेच पुरतात. मोठ्या पुलांच्या बाबतीत मात्र दोन्ही टोकांची जमीन आधी गायरान म्हणून राखून ठेवावी लागेल, कारण बाह्यवळण झाले की त्याच्या कडेला प्लॉट पडायला फार वेळ लागत नाही.