सिल्फियम: मक्त्यात बुडालेला मसाला

रोमन लोकांनी एक अख्खी वनस्पती खाऊन संपवली, अशी गोष्ट वारंवार सांगितली जाते. वनस्पतीचे नाव सिल्फियम. आजच्या लिबियाच्या किनाऱ्याजवळ किरेने नावाचे ग्रीक शहर होते. त्याच्या आसपासच्या माळरानावर ती आपोआप उगवायची. खोड आणि मूळ चिरले की चीक पाझरायचा, तो वाळवून त्याची राळ विकली जायची. इ.स. ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनीने आपल्या ‘नॅचरल हिस्ट्री’त लिहून ठेवले की, ही राळ चांदीच्या तोलाने विकली जाई, पण किरेनेच्या मुलखात ती कैक वर्षांत दिसलेली नाही, आपल्या हयातीत एकच काडी सापडली आणि ती नवलाची चीज म्हणून सम्राट नीरोकडे पाठवण्यात आली. यावरून लोकांनी काढलेला अर्थ सोपा आहे: जिभेचे चोचले फार झाले आणि मसाला संपला. माझ्या मते हा अर्थ चुकीचा आहे, आणि त्याविरुद्धची साक्ष प्लिनीच्या त्याच मजकुरात आहे. सिल्फियम स्वयंपाकघराने संपवले नाही. ते जमिनीच्या कारभाराने संपवले.

आधी ते खात कसे, हे पाहू. अॅरिस्टोफेनिसच्या ‘पक्षी’ या इ.स.पू. ४१४ मधल्या नाटकात पक्षी भाजताना किसलेले चीज आणि सिल्फियम मागवले जाते, म्हणजे अथेन्सच्या सामान्य प्रेक्षकाला ही जोडी ओळखीची होती. सिसिलीचा खवय्या कवी आर्केस्ट्राटस तर चांगल्या माशावर चीज आणि सिल्फियमचे आंबट पाणी ओतणाऱ्या सिराक्यूजच्या आचाऱ्यांवर चिडलेला दिसतो. रोमन पाककृतींचा जो संग्रह आपिकियसच्या नावावर आहे, त्यात राळ पुरवून वापरायची एक युक्ती दिली आहे: बरणीत राळेचा खडा ठेवायचा, त्यात चिलगोज्यासारखे पाइनचे दाणे घालायचे, आणि स्वयंपाकात खडा न वापरता वास मुरलेले दाणेच कुटून घालायचे, जितके दाणे काढले तितके नवे टाकायचे. हिंगाच्या डबीत खडा जपून ठेवणाऱ्या घरात ही काटकसर समजावून सांगावी लागणार नाही. पण उधळपट्टीने मसाला संपवणाऱ्या समाजाची ही पाककृती नव्हे, एवढे मात्र नोंदवायला हवे.

ग्रीकांच्या काळात किरेनेचा सगळा डौल या झाडावर होता. इ.स.पू. सहाव्या शतकापासून तिथल्या नाण्यांवर जाड खोडाचे, छत्रीसारख्या फुलोऱ्याचे हे झाड कोरलेले सापडते. अॅरिस्टॉटलचा शिष्य थिओफ्रास्टस वनस्पतींवरच्या ग्रंथात सांगतो की, मूळ कापण्याचे नियम खाणींच्या नियमांसारखे ठरलेले होते: आधी किती कापले गेले आहे आणि आता झाड किती शिल्लक आहे, हे पाहून दर खेपेचे प्रमाण ठरे, चुकीच्या जागी कापायला किंवा जास्त कापायला बंदी असे. तोच सांगतो की, चीक टिकावा म्हणून त्यात पीठ घालून तो बराच वेळ हलवत. आपल्याकडच्या बाजारी हिंगातही पीठ असते. म्हणजे हा धंद्याचा जुना रिवाज दिसतो, निव्वळ भेसळ नव्हे. झाड लागवडीला मात्र दाद देत नसे. नांगरलेल्या जमिनीतून ते मागे सरकते, असे थिओफ्रास्टस म्हणतो. हिपोक्रेटिसच्या नावावरच्या एका वैद्यकग्रंथात तर आयोनिया आणि पेलोपोनीसमध्ये ते लावण्याचे प्रयत्न फसल्याची नोंद आहे. जे पेरता येत नाही, ते राखावे लागते. ग्रीक इतिहासकार एरियन लिहितो की मेंढ्यांना या झाडाचे वेड असते, म्हणून किरेनेत कळप त्यापासून शक्य तितके दूर हाकतात आणि काही जण तर त्या जागेला कुंपणच घालतात. कापणीला मोजमाप आणि चराईला आडकाठी, या दोन गोष्टींवर शेकडो वर्षे व्यापार चालला. त्या काळात सिल्फियम कमी खाल्ले जात होते, असे मानायला आधार नाही.

मग बदल कुठे झाला? इ.स.पू. ९६ मध्ये किरेनेचा शेवटचा राजा टॉलेमी अॅपिओन वारला आणि मृत्युपत्राने राज्य रोमन जनतेच्या नावे करून गेला. राजाची खासगी जमीन रोमची सरकारी जमीन झाली. रोमने तिथे रीतसर प्रांत बसवायलाही वीसेक वर्षे लावली, इ.स.पू. ७४ पर्यंत. याच सुमारासचे आकडे बोलके आहेत. इ.स.पू. ९३ मध्ये सरकारी खात्यावर रोममध्ये आलेली राळ ३० पौंड होती, म्हणजे आजच्या हिशेबाने दहा किलोंपेक्षा कमी. ही आवक प्लिनीला मुद्दाम नोंदवावीशी वाटली. इ.स.पू. ४९ मध्ये यादवी युद्धाच्या आरंभी सीझरने खजिन्यातून सोन्याचांदीबरोबर १,५०० पौंड राळही काढली. मसाला स्वयंपाकघरात जाण्याऐवजी खजिन्यात सोन्याशेजारी साठवला जात होता. आणि संपण्याचे कारण प्लिनी स्वतः स्पष्ट देतो: सरकारी कुरणांचे मक्तेदार जास्त नफा दिसल्याने तिथे मेंढ्या चारू लागले आणि झाड उपटून निघाले. ताटातल्या मसाल्याविषयी तो इथे एक शब्दही काढत नाही. रोमन इतिहासकार टॅसिटसचा पुरावा याला जोड देतो. अॅपिओनच्या जुन्या जमिनी शेजाऱ्यांनी बळकावल्याचा तंटा इतका पेटला होता की, सम्राट क्लॉडियसने निवाड्यासाठी अॅसिलियस स्ट्रेबो नावाचा अधिकारी धाडला, इ.स. ५९ मध्ये नीरोने त्याचा निवाडा बरोबर ठरवला आणि तरीही जमिनी कब्जेदारांकडेच राहू दिल्या. जिथे हद्दच कोणाची हे ठरत नव्हते, तिथे मूळ किती कापायचे हे कोण ठरवणार?

यावर एक सरळ आक्षेप येतो. माल चांदीच्या भावाचा असेल, तर मक्तेदाराने तो जपला असता. मेंढ्या चारून सोन्याचे अंडे देणारी कोंबडी कोण कापेल? उत्तर मक्त्याच्या मुदतीत आहे. रोमचे असे मक्ते साधारणपणे पाच वर्षांचे असत. सिल्फियम हिंगाच्या कुळातले असेल, आणि वर्णनावरून ते तसेच वाटते, तर अशी झाडे मूळ जाड करण्यात वर्षे घालवतात, एकदा फुलतात आणि मरतात. आज राखलेल्या झाडाचा चीक पुढच्या मक्तेदाराच्या हाती पडणार होता. मेंढीचे मांस आणि लोकर मात्र याच वर्षी हातात येत होती. शिवाय सिल्फियमवर पोसलेल्या जनावराचे मांस विलक्षण रुचकर होते, असेही प्लिनी लिहितो. तेव्हा मक्तेदार मूर्ख नव्हता. त्याचा हिशेब बरोबर होता आणि झाडाच्या मुळावर आला तो हा हिशेब.

दुसरे आक्षेप जास्त गंभीर आहेत. भूगोलकार स्ट्रेबो दोष भटक्या टोळ्यांवर टाकतो: त्यांनी वैराने मुळेच उपटली. हे घडले असेलही. पण एकदा उपटलेले रान पुन्हा भरून येऊ द्यायचे तर राखणदार लागतो, आणि तोच नाहीसा झाला होता. अलीकडे काही अभ्यासकांनी जंगलतोड आणि शेतीच्या विस्ताराने त्या भागाचे हवापाणी कोरडे होत गेले, असा मुद्दा मांडला आहे. तो मला पटतो, पण तो माझ्या म्हणण्याला छेद देत नाही. माळ नांगराखाली गेला तोही जमिनीच्या कारभारामुळेच. नांगरलेल्या जमिनीतून झाड मागे हटते हे थिओफ्रास्टसने त्याआधीच सांगून ठेवले होते. राहता राहिला किरेनेचाच विद्वान आणि पुढे बिशप झालेला सायनेसियस. इ.स. ४०० च्या आसपासच्या त्याच्या पत्रांत सिल्फियमचा उल्लेख येतो, म्हणजे नीरोनंतर साडेतीनशे वर्षांनी. तो ज्याला सिल्फियम म्हणतो ती जुनीच वनस्पती असेल, तर ‘शेवटची काडी’ ही रोमन दरबारची गोष्ट ठरते आणि खरे हरवले ते झाड नसून झाडाचा व्यापार. मला ही शक्यता जास्त खरी वाटते. गावच्या एखाद्या वाडीत चार झाडे उरणे आणि जहाजे भरून माल जाणे यांत फार अंतर आहे.

सिल्फियम संपले ते गर्भनिरोधक म्हणून झालेल्या मागणीमुळे, आणि पत्त्यांतल्या बदामाचा आकार त्याच्या बीचाच, अशीही एक रंजक मांडणी आहे. सोरानस या वैद्याने किरेनेची राळ त्या कामासाठी सांगितली आहे, एवढे खरे. पण प्लिनी याच राळेला खोकल्यापासून विंचवाच्या दंशापर्यंत अनेक दुखण्यांवर लावतो. त्यातला एकच उपयोग उचलून सगळा व्यापार त्यावर उभा करता येत नाही. पत्त्यांतल्या बदामाचे सोडूनच देऊ.

झाडाची ओळख पटवण्याचे प्रयत्न मात्र मोलाचे आहेत. इस्तंबूल विद्यापीठाचे माहमुत मिस्की यांनी २०२१ मध्ये तुर्कस्तानातल्या हसन डोंगराजवळची ‘फेरुला द्रुदेआना’ ही दुर्मीळ वनस्पती सिल्फियम असू शकते असे मांडले. जाड खोड, समोरासमोर फुटणारी पाने आणि सुगंधी राळ, हे नाण्यांवरच्या चित्राशी चांगले जुळते. अडचण अशी की ती सापडली किरेनेपासून समुद्रापलीकडे, आणि ताडून पाहायला प्राचीन राळेचा नमुना हाती नाही. उद्या ओळख पटलीच, तरी किरेनेच्या माळावरून ती का गेली, हा प्रश्न तसाच उरतो. त्याचे उत्तर वनस्पतिशास्त्राकडे नाही.

खाऊन वनस्पती संपते हा सिद्धांत खरा असता, तर त्याची कसोटी आपल्या फोडणीतच लागली असती. सिल्फियम मिळेनासे झाल्यावर रोमने इराण, मीडिया आणि आर्मेनियाकडची राळ घेतली. ती विपुल मिळते पण हलकी असते आणि तिच्यात भरडलेल्या बाकल्याच्या दाण्यांची भेसळ करतात, अशी प्लिनीची तक्रार आहे. आपिकियसच्या संग्रहातही किरेनेची आणि पार्थियाची, म्हणजे इराणकडची, राळ वेगवेगळी सांगितली आहे. हे पूर्वेकडचे झाड म्हणजेच हिंग, असे बहुतेक अभ्यासक मानतात. अलेक्झांडरच्या सैन्यानेही हिंदुकुशात त्याला सिल्फियमच म्हटले. लाकूड नसल्याने कच्चे मांस खावे लागले तेव्हा ते पचवायला याचीच मदत झाली, असे स्ट्रेबो सांगतो. आपल्याकडे चरकसंहितेत हिंगू आहे आणि अमरकोशात त्याचे एक नाव बाह्लीक, म्हणजे बाल्खकडचा. रोमचे साम्राज्य बुडाले, तरी भारतातले खाणे थांबले नाही. कांदा-लसूण न खाणाऱ्या घरांत तर हिंगाशिवाय आमटी होत नाही. हिंगाचा प्रदेश किरेनेच्या पट्ट्याच्या कितीतरी पट मोठा आहे, त्यामुळे तुलना काटेकोर नाही, हे मान्य. पण हिंगही लागवडीने नव्हे, तर मुख्यतः रानात चिरलेल्या मुळांवरच टिकला आहे, आणि त्याला खाणारी तोंडे रोमच्या मेजवान्यांपेक्षा नेहमीच जास्त होती. भारतात या झाडाची लागवड करण्याचा प्रयोग अगदी अलीकडचा आहे. पालमपूरच्या सरकारी संशोधन संस्थेने ऑक्टोबर २०२० मध्ये हिमाचलातल्या लाहौल खोऱ्यात क्वारिंग या गावी पहिले रोप लावले. राळ धरायला त्याला साधारण पाच वर्षे लागतात. त्या वेळी देशात दरवर्षी सुमारे १,२०० टन कच्चा हिंग अफगाणिस्तान, इराण आणि उझबेकिस्तानातून येत होता.