तीन अटींची शाळा : सेवाग्राम, कनू गांधी आणि कृष्णधवल छायाचित्रण

‘समीक्षा’ या शब्दाच्या मुळाशी ‘ईक्ष्’ हा धातू आहे. ईक्ष् म्हणजे पाहणे. एखादी वस्तू नीट, सर्व अंगांनी पाहणे म्हणजे समीक्षा. साहित्याच्या वर्गात हा शब्द आपण इतक्या सरावाने वापरतो की त्यातले पाहणे गळून जाते आणि मत देणे तेवढे शिल्लक राहते. छायाचित्रणाच्या बाबतीत असे विस्मरण परवडत नाही. तेथे एकाने पाहिलेले कागदावर उमटते आणि इतर जण त्याचे ते पाहणेच पाहत असतात. आपले प्रिंट चारचौघांपुढे ठेवायचे, जाणत्यांचे बोल ऐकायचे आणि पुन्हा कॅमेरा हाती घ्यायचा, ही कृष्णधवल छायाचित्रण शिकण्याची जुनी रीत. महाराष्ट्रातील या रीतीचा विचार करताना आम्हांस दोन ठिकाणे एकमेकांशेजारी ठेवून पाहावीशी वाटतात : १८५४ ची मुंबई आणि १९३८ नंतरचे वर्धा जिल्ह्यातील सेवाग्राम.

‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था ऑक्टोबर १८५४ मध्ये स्थापन झाली. लंडनमधील अशीच संस्था अवघ्या एका वर्षाने वडील होती. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या संस्थेचे सभासद एकत्र जमत, निबंध वाचत, चित्रे दाखवत, आणि संस्थेचे स्वतःचे नियतकालिकही होते. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे या मंडळींपैकी एक प्रमुख एतद्देशीय छायाचित्रकार. एल्फिन्स्टन संस्थेत त्याच सुमारास छायाचित्रणाचा वर्ग निघाला आणि हरिश्चंद्र चिंतामण यांच्यासारखे व्यावसायिक छायाचित्रकार त्यातून घडले. या एकत्र येण्याला एक व्यावहारिक कारणही होते. कलोडियनच्या पद्धतीत काचेवर रसायनाचा थर स्वतःच द्यावा लागे, तो ओला आहे तोवर चित्र घ्यावे लागे आणि लगोलग धुवावे लागे. मुंबईच्या उकाड्यात हे सारे बिघडण्यास किती वाटा होत्या हे सांगण्याची गरज नाही. अशी विद्या एकट्याने पोथी वाचून येत नसे. दुसऱ्याची फसलेली काच पाहणे हाही अभ्यासाचाच भाग होता.

मात्र या वर्तुळात कोण बसत असे आणि कोण बसत नसे, हा प्रश्न विचारल्यावाचून इतिहास पुरा होत नाही. काच, कागद, रसायन आणि उजेड यांची चर्चा करणारे सारे कॅमेऱ्याच्या मागचे होते. कॅमेऱ्यापुढे ज्याला उभे केले त्याचे मत विचारण्याची पद्धत नव्हती. याच मंडळींतील विल्यम जॉन्सन यांनी मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींच्या लोकांची छायाचित्रे १८६३ आणि १८६६ मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध केली. त्यांतील कित्येक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची जोडलेली आहे. पुढे १८६८ ते १८७५ या काळात सरकारी प्रेरणेने ‘द पीपल ऑफ इंडिया’ चे आठ खंड निघाले. त्यांत माणसे नमुने म्हणून येतात. तंत्राची समीक्षा अशी भरभरून चालली होती, पण चित्रातल्या माणसाला त्या समीक्षेत जागा नव्हती.

या पार्श्वभूमीवर सेवाग्रामकडे पाहावे. गांधीजी १९३४ मध्ये वर्ध्यास आले आणि १९३६ मध्ये जवळच्या शेगावात राहावयास गेले. त्या गावाला १९४० मध्ये सेवाग्राम हे नाव मिळाले. त्यांच्या कार्यालयात पत्रव्यवहार आणि हिशेब सांभाळणाऱ्या तरुणांमध्ये कनू गांधी होते. जन्म १९१७ चा, नात्याने ते गांधीजींचे चुलत नातू, नारणदास गांधींचे चिरंजीव. येथील जीवन छायाचित्रांत नोंदवून ठेवावे ही सूचना त्यांना केली ती विनोबांचे धाकटे बंधू शिवाजी भावे यांनी. आश्रमाजवळ त्यासाठी पैसा नव्हता. अखेर घनश्यामदास बिर्ला यांनी शंभर रुपये दिले, त्यांतून रोलिफ्लेक्स कॅमेरा आणि फिल्म आली. गांधीजींनी परवानगी दिली ती तीन अटींवर : फ्लॅश वापरायचा नाही, पोझ द्यायला सांगायचे नाही, आणि या कामाचा खर्च आश्रम करणार नाही.

वरवर पाहता ही तीन बंधने आहेत. आमच्या मते हा तीन धड्यांचा अभ्यासक्रम होता, आणि प्रत्येक धडा चित्र घेण्यापूर्वीच केलेली समीक्षा होती.

पहिली अट उजेडाची. सेवाग्रामच्या कुट्या मातीच्या भिंतींच्या, बांबूच्या, कवेलूंनी शाकारलेल्या. आत उजेड येतो तो दारा-खिडकीतून, तिरपा आणि थोडका. त्या काळची फिल्म आजच्या मानाने मंद होती. फ्लॅशवाचून आत चित्र घ्यायचे तर शटर अधिक वेळ उघडे ठेवावे लागे, मग हलणारा हात पुसट उमटे, चेहऱ्याची एक बाजू काळोखात जाई. कनूंच्या पुष्कळ चित्रांत असा काळोख आहे. पण आपल्या भाषेने या कलेला ‘छायाचित्र’ म्हटले आहे, आणि छाया हा दोष मानला नाही तर तिचेही काही म्हणणे असते हे ही चित्रे शिकवतात. बाहेरून आणलेला उजेड नाकारल्यावर जागेचा स्वतःचा उजेड वाचावा लागतो.

दुसरी अट अंतराची. ‘इकडे पाहा’ असे म्हणता येत नसेल तर वाट पाहणे एवढेच हाती उरते. रोलिफ्लेक्स पोटाशी धरून वरून काचेत पाहायचा कॅमेरा. छायाचित्रकाराची मान त्यात खाली झुकते आणि समोरच्या माणसावर डोळा रोखला जात नाही. या यंत्राची ती ठेवण आश्रमाच्या शिस्तीला मानवणारी होती. गांधीजी पाठमोरे, चालताना, लिहिताना, माणसांच्या घोळक्यात अर्धे झाकलेले दिसतात ते यामुळे. तिसरी अट काटकसरीची. एका रोलवर बाराच चित्रे, आणि फिल्मचा पैसा वृत्तपत्रांना चित्रे देऊन आपला आपणच उभा करायचा. बटण दाबण्यापूर्वी ‘हे खरोखर हवे आहे काय?’ असे प्रत्येक वेळी स्वतःला विचारावे लागे.

या अटींतून काय साधले ते दोन चित्रांत पाहता येते. एकात, १९४० मध्ये, गांधीजी सूक्ष्मदर्शकातून कुष्ठरोगाचे जंतू पाहत आहेत. जगाने ज्यांना पाहत राहावे असा माणूस येथे स्वतः पाहण्यात गढला आहे. दुसऱ्यात ते कुष्ठरोगी संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांची शुश्रूषा करीत आहेत. या चित्रात कोणी करुणेची मुद्रा धारण केलेली नाही. एक रोजचे काम चालले आहे. पोझ मागितली असती तर सेवेचे प्रदर्शन झाले असते.

तुलनेसाठी १९४६ मधील पुण्याचे मार्गारेट बर्क-व्हाइट यांचे चरख्याशेजारचे जगप्रसिद्ध चित्र आठवावे. त्यांनाही अट घातली गेली : आधी सूत कातणे शिका. फ्लॅशचे तीन दिवे वापरण्याची मुभा मिळाली, त्यांपैकी पहिल्या दोहोंच्या वेळी चित्र फसले आणि तिसऱ्याने साधले. ते चित्र थोरच आहे. पण त्यात चरखा पुढे आणि माणूस मागे अशी प्रतीकाची रचना आहे, तर कनूंच्या चित्रांत प्रतीक होण्याआधीचा माणूस आहे. पाहुण्याला एक अट पुरली. घरच्याला दहा वर्षे तीन अटींत काढावी लागली.

येथे आक्षेप उभा राहतो आणि तो टाळता येणार नाही. ज्याचे चित्र घ्यायचे त्यानेच नियम ठरवले तर ती समीक्षा की नियंत्रण? १९४४ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कस्तुरबा गांधीजींच्या मांडीवर अखेरचे श्वास घेत होत्या. तो क्षण टिपण्यास कनूंना मनाई झाली. इतिहासाच्या दृष्टीने ही हानी आहे, असे म्हणणाऱ्याला खोटे ठरवता येत नाही. शिवाय नकाराचा हा अधिकार आश्रमातील सर्वांत समर्थ माणसाचा होता. तो प्रत्येकाला तितकाच लाभावा असे आपोआप घडत नाही. तरीही आम्ही त्या नकाराच्या बाजूचे आहोत. १८५४ च्या वर्तुळात जी खुर्ची रिकामी होती, ती येथे भरलेली दिसते. चित्रातल्या माणसालाही ‘हे नको’ म्हणता येते, आणि शिकणाऱ्याला कॅमेरा खाली ठेवावा लागतो. कोणते चित्र घेऊ नये हे ज्याला कळले त्याचे शिक्षण पुष्कळ पुढे गेले, असे आम्हांस वाटते.

वर्ध्यातच ऑक्टोबर १९३७ मध्ये भरलेल्या शिक्षण परिषदेतून नयी तालीमचा विचार पुढे आला : हाताच्या कामातून शिकायचे आणि ते काम समाजाच्या उपयोगी पडले पाहिजे. कनूंच्या हाती कॅमेरा आला तो त्याच्या पुढच्या वर्षी. त्यांना कोणी पदवी दिली नाही. १९४८ नंतर कनू आणि त्यांच्या पत्नी आभा सौराष्ट्रात रचनात्मक कामात राहिले, १९८६ मध्ये कनू वारले, आणि ‘कनूज गांधी’ हे त्यांच्या चित्रांचे पुस्तक नझर फाउंडेशनने काढले ते २०१५ मध्ये. म्हणजे छायाचित्रकार म्हणून त्यांच्या कामाची मोठी समीक्षा सुरू झाली ती त्यांच्या मागे. तोवर ही चित्रे सर्वांच्या ओळखीची होती, चित्रकाराचे नाव थोड्यांच्या.

आपण साहित्याचे शिक्षक विद्यार्थ्याची कविता वा निबंध हाती घेतो आणि तांबड्या शाईने दोष दाखवतो. ते करावेच. पण लिहिण्याआधी घातलेली एखादी अट, की उसना उजेड आणू नकोस, ज्याच्याविषयी लिहितोस त्याला तुझ्या सोयीची पोझ द्यायला लावू नकोस, आणि एकेक शब्द आपल्या पदरच्या पैशाने घेतल्यासारखा खर्च कर, ही पुढच्या दहा शेऱ्यांपेक्षा अधिक काम करून जाते. विशेषतः गरिबांवर, रुग्णांवर, स्त्रियांवर लिहिताना ज्याच्यावर लिहिले त्याने हे वाचले तर तो काय म्हणेल, हा प्रश्न वर्गात मोठ्याने विचारला गेला पाहिजे. समीक्षेतले पाहणे परत मिळवायचे असेल तर ज्याला पाहिले त्यालाही त्या बैठकीत जागा द्यावी लागेल.