गाठीवरचं तिकीट, पाकिटावरचं लेबल

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, "लेबल." ते जरा गप्पच झाले. तत्त्वज्ञानाचा मास्तर आहे, माया-ब्रह्मावर बोलेल असं त्यांना वाटलं असावं. पण या विषयाचं कारण घरचं आहे, ते आधी सांगतो.

माझी पुतणी धुळ्याला असते. उडदाचे पापड, बिबडे, काळा मसाला, केळीचे वेफर्स असं घरून करते. हाताशी चार बायका आहेत. रोजची पन्नास पाकिटं होती तोवर लेबलं हातानं लिहायची. चारशेवर गेल्यावर तिनं एक छोटा प्रिंटर घेतला. शाई नको, रिबन नको, नुसता कागदाचा रोल घालायचा. सगळे खूश. मग मे महिन्यात जळगावच्या दुकानातून सहाशे पाकिटं परत आली. माल उत्तम होता, पण लेबलावरची तारीख उडाली होती, काहींचा तर अख्खा कागद करडा पडला होता. दुकानदार म्हणाला, "ताई, तारीखच दिसत नाही, मी ठेवू कसा?" त्याचंही बरोबर आहे. चार बायकांची दीड दिवसाची मेहनत टेम्पोतून घरी आली. तिचा मला फोन, "काका, कुठला प्रिंटर घेऊ?"

आता मला प्रिंटरमधलं काय कळतं! पण मला इतिहासात शिरायची खोड आहे. शिरलो, आणि उत्तर बरंचसं तिथंच सापडलं.

आपल्याकडे लेबलाचा प्रश्न मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आला तो कापडात. मँचेस्टरचं कापड मुंबईत उतरे, त्यावर रंगीत चित्र चिकटवलेलं असे. देव, राजे, हत्ती, वाघ. व्यापारात त्याला तिकीट म्हणत. वाचता न येणारं गिऱ्हाईकही चित्र ओळखून तोच माल मागे. हे तिकीट शिळाप्रेसवर छापत. दर रंगाला वेगळा दगड, सात-आठ रंग म्हणजे सात-आठ वेळा कागद दाबायचा. राजा रविवर्म्यांचा छापखाना १८९४ साली मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. आपल्याला त्याची लक्ष्मी-सरस्वती आठवते. पण फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती आल्यावर तो मालाची लेबलंही छापू लागला. देवीच्या चित्रांइतकाच लेबलांचाही त्याला आधार होता, हे आपण विसरतो.

आणि इथे एक बारीक गोष्ट आहे, ती नीट ऐका. १८८९ साली इंग्रज सरकारनं मालावरच्या चिन्हांचा कायदा केला. इथल्या गिरणीत विणलेल्या ठाणावर ते किती वार आहे हा आकडा छापणं त्यानं सक्तीचं केलं. आता ठाण प्रत्येक वेळी सारख्याच लांबीचं निघेल असं नाही. म्हणजे चित्र एकदा छापलं की हजारो ठाणांना तेच चालतं, आकडा मात्र त्या त्या ठाणाचा. म्हणून कामच दोन झाली. चित्र दूरच्या छापखान्यातून यायचं, आणि वारांचा आकडा गिरणीतच कापडावर ठशानं उमटवायचा. न बदलणारा मजकूर एका यंत्राचा, बदलणारा दुसऱ्याचा.

आपल्या खान्देशात कापसामुळे गिरण्या आल्या. जळगावला, धुळ्याला, अमळनेरला. अमळनेरच्या प्रतापशेठांची गिरणी प्रसिद्धच. त्याच प्रतापशेठांनी १९१६ साली तिथे तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. प्रबंधाच्या काळात मी तिथे पुष्कळ बसलो आहे. शब्द प्रमाण कधी, यावर नैयायिक म्हणतात की बोलणारा आप्त असला, म्हणजे विश्वासाचा असला, तर. लेबलाची गंमत अशी की वाक्य समोर आहे आणि बोलणारा दिसतच नाही. तो धुळ्यात पापड लाटतोय. (हशा) म्हणून तो कोण, कुठला, माल कधीचा, हे त्या कागदानं टिकवून ठेवावं लागतं.

अमळनेरचंच आणखी एक. १९४५ च्या डिसेंबरात तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स ही कंपनी निघाली. सनफ्लॉवर वनस्पती आणि ७८७ नावाचा कपड्याचा साबण. नाव म्हणून नुसता आकडा! मला वाटतं, अक्षर न येणाऱ्यालाही बाजारात आकडा ओळखता येतो, म्हणून ते चाललं असेल. तीच कंपनी पुढे विप्रो झाली, संगणकात गेली, आणि एप्सनच्या तंत्रज्ञानाचे डॉट मॅट्रिक्स प्रिंटर विकू लागली. आपल्या बँकांत, दुकानांत कर्र कर्र करायचे ते. आधी छापलेल्या बिलबुकावर ते फक्त नाव, रक्कम आणि तारीख टाकत. पुन्हा तीच विभागणी, बघा.

१९७७ च्या नियमांनी बंद पाकिटावर उत्पादकाचा पत्ता, निव्वळ वजन, महिना-वर्ष, किंमत हे सगळं आणलं. २०११ पासून वैधमापनाचा नवा कायदा आणि नवे नियम आले. खाण्याच्या मालाला चौदा आकडी परवाना क्रमांक लागतो तो वेगळा. हा मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत हवा, मराठी जोडून चालते. जळगावच्या बाईनं जळगावच्या बाईला विकलेल्या बिबड्यांवरही! असो.

आता पुतणीच्या प्रिंटरकडे. तो कागदाला शाई लावतच नव्हता, कागद भाजत होता. त्या कागदावर उष्णतेनं काळा पडणारा थर असतो. एसटीच्या मशीनचं तिकीट चार महिन्यांनी खिशातून काढून पाहा, कोरं झालेलं असतं. कुरिअरच्या खोक्याला हा कागद ठीक, त्याचं काम चार दिवसांचं. पण आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला जातो, बंद टेम्पोत त्याहून वर. त्यात वेफर्सचं तेल. तेल लागलं की ती अक्षरं गेलीच.

मग शाईचा घ्यावा का? टाकीवाल्या प्रिंटरची शाई स्वस्त पडते, रंगही छान येतो. पण साध्या शाईला ओला हात लागला की ती पसरते. शिवाय ए-फोर कागदावर चोवीस लेबलं धरली तर चारशेला रोज सतरा कागद घालायचे आणि एकेक लेबल सोलायचं. लेसरची अक्षरं पक्की, पण अर्धवट वापरलेला स्टिकरचा कागद पुन्हा घातला की आत डिंक लागतो.

मी तिला म्हटलं, गिरणीवाल्यांसारखं कर. नाव, चित्र, पत्ता, घटक, परवाना क्रमांक हे बदलत नाही. ते रंगीत लेबल छापखान्यातून रोलवर छापून आण, खाली कोरी पट्टी ठेव. घरी रिबनवाला थर्मल प्रिंटर घे. त्यात उष्णतेनं रिबनवरचा काळा रंग कागदावर बसतो, म्हणून तो उन्हानं सहजासहजी उडत नाही. त्या पट्टीवर त्यानं फक्त तारीख, बॅच आणि किंमत टाक. वेगवेगळ्या पदार्थांना एकच रोल पुरत नाही, तेव्हा सगळ्यात जास्त खपणारे दोन पदार्थ आधी. कागदी लेबलाला मेणाची रिबन चालते. तेलकट मालाला प्लॅस्टिकचं लेबल आणि रेझिनची रिबन, ती महाग पडते. लेबल पन्नास मिलिमीटर लांब धरलं तर तीनशे मीटरच्या रिबनमध्ये साडेपाच हजारांच्या आसपास निघतात, म्हणजे चारशेच्या हिशेबानं जवळजवळ दोन आठवडे. पण घेताना विचारायचं, यात तीनशे मीटरची रिबन बसते का? काही छोट्या यंत्रांत लहानच बसते, मग सारखी बदलत राहा. आणि बारीक देवनागरी छापायची असेल तर इंचाला २०३ ऐवजी ३०० ठिपक्यांचं यंत्र, नाहीतर जोडाक्षरं भरून जातात.

तिनं विचारलं, "आणि काका, छापखाना पाच हजारांच्या खाली ऐकत नसेल तर?" तर तोवर रंगीत लेबल हजारच घे, लहान छापखाने देतात, थोडा दर जास्त लावतात. पण पहिल्या दिवशी दहा पाकिटांवर तेलाचा हात फिरव, ती आठवडाभर गच्चीवर उन्हात ठेव आणि मग रोलची मोठी ऑर्डर दे. सध्या तिच्या गच्चीवर पापडांशेजारी दहा पाकिटं वाळत आहेत. (हशा)