फुरजा ते टू-इन-वन : परदेशातून घरी आलेला आवाज

सुरतेला परदेशी वस्तूंचे अप्रूप कधीच नव्हते. हजचे यात्रेकरू इथूनच गलबतात चढत आणि अरबस्तानचा माल इथेच उतरे. तापीकाठी किल्ल्याजवळ फुरजा होता. फुरजा म्हणजे बंदरावरचे जकातघर. परदेशातून आलेल्या माणसाची पेटी आधी तिथे उघडली जाई.

सप्टेंबर १६१५ मध्ये इंग्लंडच्या राजाचा वकील सर टॉमस रो सुरतेजवळच्या सुवाळी बंदरात आला. आपण राजाचे प्रतिनिधी आहोत, तेव्हा आपली आणि आपल्या माणसांची झडती घेता येणार नाही, असे त्याचे म्हणणे होते. सुरतेच्या अधिकाऱ्यांचे म्हणणे होते की येणाऱ्या प्रत्येकाची झडती होते. ही हुज्जत बरेच दिवस चालली आणि बादशहासाठी आणलेल्या भेटवस्तू अडकून पडल्या. या भेटवस्तूंमध्ये व्हर्जिनल नावाचे वाद्य होते. पेटीच्या आकाराचे, पट्ट्या दाबल्या की आत तारा छेडल्या जाणारे. जानेवारी १६१६ मध्ये अजमेरला जहांगीरच्या दरबारात रोच्या माणसाने ते वाजवून दाखवले. परदेशातून आणलेले सुरांचे यंत्र आणि त्यावरून जकातीशी झालेला वाद, ही गोष्ट आपल्या शहरात चारशे वर्षांपूर्वीची आहे. पांडेसऱ्यातल्या चाळीत पहिला टू-इन-वन आला तेव्हा जे घडले, ते तिचेच पुढचे प्रकरण.

मधला टप्पा ग्रामोफोनचा. १९०२ च्या अखेरीस फ्रेड गैसबर्ग कलकत्त्याला आला आणि त्याने गौहर जानसारख्या गायिकांचे आवाज ध्वनिमुद्रित केले. तबकड्या मात्र जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात आणि बोटीने परत येत. १९०८ मध्ये कलकत्त्यात कारखाना निघेपर्यंत आपल्याच गायिकेचा आवाज आपल्याला परदेशी माल म्हणून विकत घ्यावा लागे. आणि ग्रामोफोनची मर्यादा अशी, की कंपनीने जे भरले तेच तो ऐकवी. घरातल्या माणसाचे बोलणे त्यात भरण्याची सोय नव्हती. १९२७ मध्ये मुंबईला रेडिओ केंद्र सुरू झाले. तो आवाजही बाहेरून घरात येणारा होता, आणि रेडिओ घरी ठेवायला परवाना लागे. टपाल कचेरीत दरवर्षी शुल्क भरून परवान्याच्या पुस्तिकेवर शिक्का मारून घेतल्याचे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल.

घरचा आवाज धरून ठेवणारे यंत्र म्हणजे टेपरेकॉर्डर. जपानमध्ये सोनीने, तेव्हा त्या कंपनीचे नावही वेगळे होते, १९५० मध्ये पहिला टेपरेकॉर्डर विकायला काढला. पण असली यंत्रे मोठ्या स्पूलची, जड आणि महाग. आपल्याकडे ती डॉक्टर, वकील, बडे व्यापारी अशा मोजक्या रसिकांकडे असत. त्यांनी खासगी बैठकी टेप केल्या म्हणून कित्येक मैफली आज ऐकायला मिळतात. सामान्य घराचे दार उघडले ते १९६३ मध्ये, फिलिप्सने बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली तेव्हा. चार मिलिमीटरहूनही अरुंद फीत, सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटरच्या आसपास सरकणारी. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला अर्धा तास.

पण ती वाजवणारे यंत्र भारतात आणणे सोपे नव्हते. देशाकडे परकीय चलन कमी होते, म्हणून बाहेरच्या वस्तूंवर सरकारने मोठी भिंत घातली होती. एके काळी परदेशी निघालेल्या माणसाला अवघे आठ डॉलर मिळत. एवढ्यात चहापाणीच व्हायचे, टेपरेकॉर्डर कुठला! म्हणजे खरेदी करणार तो तिकडे कमावणाराच. सुरुवातीला हे काम जहाजावर नोकरी करणाऱ्या कोकणातल्या खलाशांनी केले. पुढे १९७३ मध्ये तेलाचे भाव भडकले, आखातात पैसा आला आणि रत्नागिरीपासून केरळपर्यंतचा कामगार दुबई, कुवेत, मस्कतला गेला. दोन-तीन वर्षांनी सुट्टीवर येणाऱ्या त्या माणसाच्या सामानात ब्लँकेट, अत्तर आणि नॅशनल पॅनासोनिकचा किंवा सान्योचा टू-इन-वन असे. रेडिओ आणि टेप एकाच डब्यात, म्हणून टू-इन-वन.

या खरेदीची गावेही ठरलेली होती. दुबईत बर दुबईचा अल फहिदी रस्ता, हाँगकाँगला नेथन रोडच्या आजूबाजूची दुकाने, सिंगापूरला सेरंगून रोडचा परिसर आणि नंतर सिम लिम स्क्वेअर, लंडनला टॉटनहॅम कोर्ट रोड, टोकियोला अकिहाबारा. न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्स भागात तर भारतीयांनीच दुकाने काढली. तिथे अमेरिकेत न चालणारी २२० व्होल्टची यंत्रे मिळत, खास मायदेशी नेण्यासाठी.

ही दुकाने चालली त्याला कारण होते. यंत्र परदेशात उत्तम वाजले तरी इथे वाजेलच असे नाही. जपानमध्ये वीज १०० व्होल्टची, अमेरिकेत १२०, आपल्याकडे २३०. मागचे बटण ११० वर राहिले आणि प्लग लावला की पहिल्याच क्षणी धूर. दुसरी अडचण लवकर कळत नसे. अमेरिकेची वीज सेकंदाला ६० आवर्तनांची, आपली ५० ची. काही स्पूल यंत्रांची आणि रेकॉर्ड प्लेअरची मोटर या आवर्तनांवर फिरे. ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्ट जमवले तरी वेग सहात पाच एवढाच राही आणि गाणे हार्मोनियमच्या तीन पट्ट्या खाली उतरे. तिसरी अडचण जपानी रेडिओची. त्यांचा एफएम पट्टा तेव्हा ७६ ते ९० मेगाहर्ट्झपर्यंतचा होता, तर आपल्याकडची केंद्रे १०८ पर्यंत. टोकियोतल्या माणसासाठी बनवलेल्या रेडिओवर आपली बहुतेक एफएम केंद्रे लागतच नाहीत. म्हणून जाणता माणूस निर्यातीचे मॉडेल मागे. बॅटरीवर चालणाऱ्या टू-इन-वनला मोटरच्या वेगाची ही अडचण नव्हती. खानदेशातल्या वीज नसलेल्या वाडीतही सहा सेलवर तो गात असे. त्याच्या यशाचे निम्मे श्रेय या बॅटरीला द्यावे लागेल.

मग मुंबईचा विमानतळ. आधी सांताक्रूझ, नंतर सहार. ठरावीक किमतीपर्यंतचे सामान माफ, त्यावर शुल्क, आणि ते अनेकदा वस्तूच्या किमतीहून जास्त. परदेशी पाहुणा टेपरेकॉर्डर घेऊन आला तर त्याची नोंद होई आणि जाताना तो परत न्यावा लागे. दीर्घकाळ बाहेर राहून कायमचे परतणाऱ्याला 'ट्रान्सफर ऑफ रेसिडेन्स'ची वेगळी सवलत. या भिंतीमुळेच चोरवाटाही निघाल्या. मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळचा मुसाफिरखाना आणि मनीष मार्केट हे असल्या मालासाठी प्रसिद्ध होते. आपल्या शेजारच्या दमणच्या किनाऱ्याच्या कथा तर सुरतकरांना नव्याने सांगायला नकोत.

आता आपल्या वस्तीकडे येऊ. जळगाव, धुळे, नंदुरबारहून तापी लाइनच्या गाडीने उधन्याला उतरून जो माणूस पांडेसऱ्याच्या मिलमध्ये किंवा लूमच्या खात्यावर लागला, त्याने दुबई पाहिली नव्हती. त्याचे परदेश म्हणजे सुरतच. इथे भाषा वेगळी, जेवण वेगळे, पाळी बारा तासांची. टू-इन-वन त्याच्याकडे आला तो दुसऱ्या-तिसऱ्या हातचा. नंतर भारतीय कंपन्यांची स्वस्त यंत्रे बाजारात आली, गुलशन कुमार यांच्या टी-सिरीजने कॅसेटचा भाव सामान्यांच्या खिशात आणला, आणि अहिराणी गाण्यांच्या कॅसेटही मिळू लागल्या. आखाजीला किंवा दिवाळीला गावी जाताना सुरतेची साडी आणि टेपरेकॉर्डर ही मिरवण्याची जोडी झाली. दुबईवाल्याला रत्नागिरीत जो मान मिळे, तोच सुरतवाल्याला अमळनेर-शिरपूरकडे मिळू लागला.

पण मिरवण्यापलीकडे एक गोष्ट घडली, आणि माझ्या मते या इतिहासात तीच सर्वांत महत्त्वाची आहे. टू-इन-वनवर एक लाल खूण असलेले बटण होते. ते दाबले की यंत्र घरातल्यांचे ऐकून घेई. आखातातला मुलगा पत्राऐवजी कॅसेट पाठवी, आणि लिहितावाचता न येणारी आई प्रथमच मधल्या माणसाशिवाय त्याला उत्तर देई. इथे सुरतेत कानबाईची गाणी, आखाजीची झोक्यावरची गाणी, भजनी मंडळाची रात्र, बारशातला गोंधळ असे बरेच काही हौसेने टेप झाले. कुणी इतिहास लिहायला बसले नव्हते. तरीही एरवी कोणत्याही तबकडीवर आणि कोणत्याही आकाशवाणीवर न आलेले आवाज त्या फितीवर राहिले.

याचे मोल समजायला आपल्याच जळगावकडे पाहावे. बहिणाबाई चौधरी ३ डिसेंबर १९५१ रोजी गेल्या. त्यांची गाणी सोपानदेव आणि पितांबर चौधरी यांनी उतरवून ठेवली होती, म्हणून १९५२ मध्ये ती पुस्तकरूपाने आली आणि मराठीला मोठी कवयित्री मिळाली. शब्द वाचले. पण जात्यावर बसून त्या ते कोणत्या चालीत म्हणत, कुठे थांबत, हे आज आपण ऐकू शकत नाही. कॅसेट यायला अजून बारा वर्षे होती. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइतवँ यांनी महाराष्ट्राच्या खेड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या, आणि १९९० च्या दशकात त्यांतल्या अनेक गाणाऱ्या बायकांच्या आवाजात ध्वनिमुद्रितही झाल्या. त्या ओव्या आज कुणालाही ऐकता येतात. बहिणाबाई आणि या बायका यांच्यात जो फरक पडला, तो एका यंत्राचा.

जुलै १९९१ च्या अर्थसंकल्पात तीनशे टक्क्यांच्या वर गेलेले सर्वोच्च आयात शुल्क १५० टक्क्यांवर आले आणि पुढे उतरतच गेले. २०१६ च्या नियमांनी प्रवाशाच्या सामानाची सूट ५०,००० रुपयांवर नेली. सुरतेहून फेब्रुवारी २०१९ मध्ये शारजाला, डिसेंबर २०२३ मध्ये दुबईला आणि वर्षभराने बँकॉकला थेट विमान सुरू झाले. पांडेसऱ्याहून अर्ध्या-पाऊण तासात विमानतळ. आता आपल्या घरची मुले तिकडे जातात आणि हेडफोन, ब्लूटूथचा स्पीकर घेऊन येतात. आनंद आहे. पण तोच माल तसाही इथल्या मोबाइलच्या दुकानात मिळतो, त्यामुळे त्यात मिरवण्यासारखे उरलेले नाही. आवाज टिपायचे यंत्र तर प्रत्येकाच्या खिशातच आहे.

धोक्यात आहेत त्या जुन्या कॅसेट. फितीवरचा लोहकणांचा थर वर्षागणिक कमजोर होतो, आणि सुरतेच्या दमट हवेत बुरशी लवकर धरते. उपाय कठीण नाही. कॅसेटच्या वरच्या कडेवरचे दोन छोटे प्लास्टिकचे तुकडे मोडून टाकावेत, म्हणजे चुकून त्यावर दुसरे काही टेप होत नाही. बुरशी दिसत असेल तर ती वाजवू नये, जाणकाराला दाखवावी. चांगली असेल तर चालू स्थितीतल्या यंत्राचे हेड साफ करून, तार थेट संगणकाला जोडून उतरवून घ्यावी. स्पीकरसमोर मोबाइल धरून टिपलेला आवाज निकृष्ट असतो. फाइल डब्ल्यूएव्ही स्वरूपात ठेवावी आणि तिच्या दोन प्रती दोन ठिकाणी असाव्यात. आवाज कुणाचा, गाव कोणते, प्रसंग कोणता, हे आजच लिहून ठेवावे, कारण तो आवाज ओळखणारी माणसे आता ऐंशीच्या घरात आहेत. मंडळाने एखाद्या रविवारी चालू टेपरेकॉर्डर आणि संगणक मांडून बसायचे ठरवले, तर वस्तीतली कितीतरी घरे आपापल्या कॅसेट घेऊन येतील.

विसर्जन झाले की घराघरांत आवराआवर होते आणि भंगारवाल्याची हाक ऐकू येते. त्याला माळ्यावरचा जुना टू-इन-वन देण्याआधी त्याचा कप्पा उघडून पाहावा. आत कॅसेट असण्याचा संभव आहे.