ओझोन प्रदूषण, नागरी

शहरांतील वाहने, कारखाने व औष्णिक वीज केंद्रे यांतून बाहेर पडणारी नायट्रोजन ऑक्साइडे आणि बाष्पनशील कार्बनी संयुगे यांच्यावर सूर्यप्रकाशाची क्रिया होऊन जमिनीलगतच्या हवेत ओझोन वायू तयार होतो. त्याच्या अतिरिक्त प्रमाणास नागरी ओझोन प्रदूषण म्हणतात. स्थितांबरातील ओझोन जंबुपार किरण अडवून सजीवांचे रक्षण करतो. तोच वायू श्वासावाटे शरीरात गेल्यास अपायकारक ठरतो.

इतिहास : ओझोनाचा शोध क्रिस्टिआन फ्रीड्रिख शनबाइन यांनी १८४० मध्ये लावला. १९४३ च्या उन्हाळ्यात लॉस अँजेल्स शहरावर डोळ्यांना झोंबणारे धुरके पसरले. ते प्रकाशरासायनिक असून वाहनांचा धूर व तेलशुद्धीकरण यांतील हायड्रोकार्बनांशी निगडित आहे, हे आरी हाखन-स्मित यांनी १९५० नंतरच्या वर्षांत सिद्ध केले.

मुंबईतील १९१२ चा धूर-उपद्रव अधिनियम दृश्य धुरापुरता मर्यादित होता. १९५० नंतरच्या दशकात तुर्भे-चेंबूर भागात तेलशुद्धीकरण कारखाने व औष्णिक वीज केंद्र उभे राहिले. १९७० नंतरच्या दशकात के. ई. एम. रुग्णालयातील एस. आर. कामत व त्यांचे सहकारी यांनी चेंबूर, लालबाग इ. भागांतील रहिवाशांच्या श्वसनविकारांची पाहणी केली. हवा प्रदूषणविषयक केंद्रीय अधिनियम १९८१ मध्ये झाला. परंतु १९९४ च्या राष्ट्रीय मानकांत ओझोनाचा अंतर्भाव नव्हता. तो २००९ मध्ये झाला. त्यानुसार ओझोनाची मर्यादा आठ तासांच्या सरासरीस १०० व एका तासास १८० मायक्रोग्रॅम प्रति घनमीटर ठरविण्यात आली. भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेची हवेच्या गुणवत्तेचा अंदाज देणारी 'सफर' ही यंत्रणा पुण्यात २०१३ मध्ये व मुंबईत २०१५ मध्ये सुरू झाली.

आरोग्यावरील परिणाम : ओझोन तीव्र ऑक्सिडीकारक असल्याने श्वासनलिकेच्या अस्तरास दाह होतो, खोकला येतो, दमा बळावतो व फुप्फुसांची कार्यक्षमता घटते. लहान मुले, वृद्ध आणि दुपारच्या उन्हात काम करणारे मजूर यांना धोका अधिक असतो. सचिन घुडे व सहकाऱ्यांच्या २०१६ मधील अभ्यासानुसार २०११ या वर्षी भारतात ओझोनामुळे दीर्घकालीन फुप्फुसविकाराने सु. १२,००० अकाली मृत्यू झाले. सूक्ष्मकण व ओझोन यांमुळे झालेल्या अकाली मृत्यूंची एकत्रित आर्थिक हानी सु. ६४० अब्ज डॉलर अंदाजण्यात आली. तीत सूक्ष्मकणांचा वाटा फार मोठा आहे.

आर्थिक हानी : शहराच्या मध्यभागी वाहनांतील नायट्रिक ऑक्साइड ओझोनाचा काही अंश नष्ट करते, वाऱ्याच्या दिशेने बाहेर पडल्यावर ओझोनाचे प्रमाण पुन्हा वाढते. त्यामुळे शहराने निर्माण केलेल्या प्रदूषणाची झळ शेतकऱ्यासही बसते. पानांच्या रंध्रांतून शिरलेला ओझोन प्रकाशसंश्लेषण मंदावतो. याच संशोधकांच्या २०१४ मधील अभ्यासात २००५ साली भारतात गव्हाची सु. ३५ लाख टन व भाताची सु. २१ लाख टन घट दाखविण्यात आली. पुणे-सोलापूर-हैदराबाद महामार्गावरील जळकोट (ता. तुळजापूर, जि. धाराशिव) यांसारख्या शेतीप्रधान गावांच्या दृष्टीनेही हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा ठरतो.

नियंत्रण : केवळ नायट्रोजन ऑक्साइडे कमी केल्यास काही शहरांत ओझोन तात्पुरता वाढतो. दोन्ही पूर्वगामी द्रव्ये एकाच वेळी आणि शहरासभोवतालच्या संपूर्ण प्रदेशात कमी करणे, हाच त्यावरील खरा उपाय होय.