ग्लेसर, मिल्टन
(२६ जून १९२९ – २६ जून २०२०). अमेरिकन ग्राफिक डिझायनर आणि पोस्टर-चित्रकार. जन्म न्यूयॉर्क येथे. कूपर युनियन या कलासंस्थेत शिक्षण झाल्यावर फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तो इटलीतील बोलोन्याला गेला आणि तिथे जोर्जो मोरांदी या चित्रकाराकडे एचिंग शिकला. १९५४ मध्ये सीमोर क्वास्ट आदी मित्रांसह त्याने ‘पुश पिन स्टुडिओ’ काढला.

बॉब डिलनचे १९६६ चे पोस्टर ही त्याची गाजलेली कृती. चेहऱ्याची निव्वळ काळी बाह्याकृती आणि तीवर उसळणारे रंगीबेरंगी केस! मार्सेल द्यूशाँचे छायारूप आत्मचित्र आणि इस्लामी कलेतील वळणदार आकार यांचा मेळ त्यात दिसतो. खाली गायकाचे नाव आहे, तेही ग्लेसरने स्वतः घडवलेल्या टंकात.

१९७४ मध्ये त्याने स्वतंत्र स्टुडिओ थाटला. न्यूयॉर्क राज्याच्या पर्यटनासाठीचे लाल बदामाचे जगप्रसिद्ध बोधचिन्ह त्याला टॅक्सीत सुचले. लिफाफ्याच्या फाटक्या तुकड्यावर लाल क्रेयॉनने काढलेले ते कच्चे रेखाटन आज न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. या कामाचा मोबदला त्याने घेतला नाही.

२००९ चे अमेरिकेचे राष्ट्रीय कलापदक त्याला मिळाले.